देवळापाशी थांबलेल्या गाड्या

१

बाराही गाड्या रुळावर होत्या, देऊळ होतं, पाळणा होता. गाड्या ओढणारा भगत तेवढा नव्हता.

हे पहिल्यांदा दिसलं ऋतिकाला. पाचवीतल्या या पोरीच्या नजरेतून मुंगी सुटत नसे आणि तोंडात तीळ भिजत नसे. "मॅडम, दोरी ओढणारा माणूस गेला!" असं ती ओरडली, आणि खाली अंगणात खिचडी खाऊन नुकताच वर आलेला सगळा वर्ग त्या मोठ्या गोल टेबलाभोवती गोळा झाला.

भाविका शेवटी पोचली. हल्ली ती सगळीकडे शेवटीच पोचायची. दिवाळीत नवरा गेला, तेव्हापासून तिचं सगळं वेळेवर आणि बिनचूक चाललं होतं, फक्त त्यात ती स्वतः नव्हती. पोळ्या व्हायच्या, हजेरी व्हायची. हात धुताना नळाचं पाणी गार आहे की कोमट, हे मात्र तिला कळायचं नाही. लोक म्हणायचे, भाविका मॅडम फार धीराच्या. धीर कसला, बधिरपणा होता तो. पण लोकांना काय, डोळ्यांत पाणी दिसलं नाही की ते हार घालायला मोकळे.

आज ती दीपनगरच्या शाळेतली पोरं घेऊन जळगावला आली होती, 'यात्रा' नावाचं प्रदर्शन दाखवायला. नरडाण्याजवळच्या खेड्यातला कुंदन सोनवणे नावाचा शिल्पकार. त्यानं कलादालनाच्या वरच्या मजल्यावर अख्खी जत्रा उभी केली होती. जाड्याला बारीक आणि बारक्याला जाड दाखवणारे आरसे होते, पत्र्याचा मौत का कुआं होता, पडद्याच्या भोकात तोंड घालून पैलवान व्हायची सोय होती. आणि मधोमध या बारागाड्या.

खानदेशात राहून ज्यानं बारागाड्या पाहिल्या नाहीत, त्यानं जत्रा पाहिलीच नाही. एकापाठोपाठ एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांवर माणसं खच्चून बसलेली, आणि बैलांच्या जागी एकटा भगत. कमरेला दोर बांधून तो त्या गाड्या देवळापर्यंत ओढत नेतो. त्याला दोन्ही काखांत धरून शेजारी पळणारे दोघे असतात, त्यांना बगले म्हणतात. कुंदननं हे सगळं सागवानात कोरून गोल रुळावर बसवलं होतं. पुढचं लाल बटण दाबून धरलं की भगत चालायचा आणि गाड्या फिरायच्या. बोट काढलं की जिथल्या तिथं थांबायच्या. पोरांनी सकाळपासून त्या बटणाचा जीव घेतला होता.

आता दोन बगले तेवढे उभे होते, हात पुढे करून, मधल्या रिकाम्या जागेला धरून.

"कोणीही हलायचं नाही," मागून आवाज आला. कलादालनाचे व्यवस्थापक रुपचंद शेठ धापा टाकत आले होते. "सगळ्या पोरांची दप्तरं इकडे आणा."

२

दप्तरांतून निघायचं ते निघालं. चिंचेचे गोळे, अर्धी बिस्किटं, घरून न विचारता आणलेला एक मोबाइल. भगत काही निघाला नाही. पण नाजमीनच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात बोटभर लाल पटका निघाला.

"हा त्याच्या डोक्यावरचा," रुपचंद म्हणाले. त्यांनी नाजमीनला आणि भाविकाला आपल्या केबिनमध्ये नेलं आणि दार लोटून घेतलं. कुंदनही मागोमाग आत आला.

नाजमीन दहा वर्षांची. वरणगावला तिचे वडील नासीरभाई गाद्या भरतात. सहलीला पाठवायला ते तयार नव्हते. 'पोरीची जात, लांबचा प्रवास, काही कमीजास्त झालं तर?' भाविकानं त्यांना सांगितलं होतं, 'माझ्या जबाबदारीवर पाठवा, भाई.' त्यावर ते आत गेले होते आणि पोरीसाठी नवी पाण्याची बाटली घेऊन बाहेर आले होते.

"खिचडी खाताना ही मध्येच उठून वर गेली होती," रुपचंद म्हणाले. "उखर्डूनं पाहिलंय."

दारावरचा उखर्डू चौकटीत उभा होता. "गेली होती, साहेब. बाटली राहिली म्हने. लगेच आली खाली. हातात बाटलीच होती."

"आणि पटका? तो काय उडून आला?" रुपचंद नाजमीनपुढे वाकले. "बेटा, तो मजूर कुठे ठेवलास? सांगून टाक, कोणी रागावणार नाही."

नाजमीननं खाली बघितलं. "मी नाही घेतला."

"मग कोणी घेतला?"

"मी नाही सांगणार."

रुपचंदनी कपाळाला हात लावला. "बघा मॅडम. वडिलांना बोलवा वरणगावहून. ते येईपर्यंत वस्तू मिळाली तर ठीक, नाहीतर मला पोलिसांना कळवणं भाग आहे."

भाविकाला कळत होतं काय होणार ते. नासीरभाई इथं येतील, चार लोकांत मान खाली घालून उभे राहतील, आणि ही पोरगी पुन्हा कुठल्याही सहलीला येणार नाही. कदाचित शाळेलाही नाही. चोर हा शब्द गोंदणासारखा असतो, घासून जात नाही. हे सगळं तिला गणितासारखं स्पष्ट दिसत होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. आतून कुणीच उठून आलं नाही.

पण एक गोष्ट तिच्या कानात अडकली. पोरगी 'मला माहीत नाही' असं म्हणाली नव्हती.

"मला थोडा वेळ द्या," भाविका म्हणाली. "वस्तू या मजल्यावरच आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत नाही. शोधते."

३

तिनं आधी कुंदनला गाठलं. नाजमीनला उखर्डूजवळ बसवून दोघं केबिनबाहेरच्या खिडकीपाशी उभी राहिली. कुंदन तिशीचा, बोटांना लाकडाचा भुसा कायमचा चिकटलेला.

"तुमचं कोणाशी वाकडं आहे का?"

"वाकडं कसलं. रुपचंद शेठ मोटर गरम होते म्हणून रोज कुरकुर करतात, एवढंच. परवा म्हणाले, तो गाड्यांपुढचा पैलवान काढून दारात उभा करू, शोभा येईल. मी नाही म्हटलं."

"भगत कसा बसवला होता?"

"पायाखाली खुंटी आणि कमरेला पितळी आकडा. आकड्यात दोर. नीट काढला तर हातात येतो, हिसकला तर खुंटी मोडणार."

भाविका टेबलाकडे जाऊन आली. खुंटी शाबूत होती. दोर तोडलेला नव्हता. त्याची कुणीतरी व्यवस्थित गुंडाळी करून पहिल्या गाडीवर ठेवली होती. पोरं वस्तू उचलतात तेव्हा मागचं आवरून ठेवत नाहीत, हे तिला बारा वर्षांच्या मास्तरकीनं शिकवलं होतं.

"तुम्ही खिचडीच्या वेळी कुठं होता?"

"खालीच. तुमच्या पोरांना जत्रेतल्या फुगेवाल्याची नक्कल करून दाखवत होतो. तुम्ही समोरच होता की."

होती. समोर बसून तिनं ते सगळं पाहिलं होतं, आणि पोरं हसली म्हणून तीही ओठ ताणून हसली होती. उखर्डूही तिथंच पोरांना पाणी वाढत होता.

"भगताचा चेहरा कोणाचा आहे?" तिनं विचारलं.

कुंदननं टेबलाकडे पाहिलं. "माझ्या वडिलांचा. झुलाल भगत. दरवर्षी आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, गावात त्याच गाड्या ओढायचे. दोन वर्षांपूर्वी ओढता ओढताच पडले. छातीत कळ आली. देऊळ समोर दिसत होतं. बगल्यांनी सावरलं, तोवर संपलं होतं." त्यानं खिडकीची काच पुसल्यासारखी केली. "म्हणून हे केलं मी. माझ्या टेबलावर ते पडत नाहीत."

भाविकाचा नवरा योगराजही वाटेतच गेला होता. दीपनगरहून जळगावला आणताना, नशिराबादच्या अलीकडे, ॲम्ब्युलन्समध्ये. आज सकाळी सहलीची बस त्याच जागेवरून आली. पोरं गाणी म्हणत होती. भाविकानं खिडकीतून ती जागा पाहिली होती, आणि तिला काहीही झालं नव्हतं.

"आणि त्या?" तिनं हॉलकडे बोट केलं. टेबलाच्या पलीकडे, भिंतीला लागून बाकावर एक म्हातारी बसली होती.

"माझी आई, सुनंदाबाई. वडील गेल्यापासून घराबाहेर पडली नव्हती. आज मीच हट्टानं आणलं. तिला यातलं काही सांगू नका, मॅडम. तिला कळलंसुद्धा नसेल. ती हल्ली कशातच नसते."

कशातच नसणं म्हणजे काय, हे भाविकाला समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं म्हातारीकडे नीट पाहिलं. सकाळी पोरं आली तेव्हा हीच बाई उठून प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवून गेली होती. आता मात्र ती उठली नव्हती. ऋतिका ओरडली, वर्ग धावला, तरी जागची हलली नव्हती. पदर मांडीवर ओढलेला, आणि पदराखाली तिचा एक हात हळूहळू हलत होता.

४

"मॅडम, आपण खाली गेलो तेव्हा गाड्या इथं नव्हत्या," ऋतिका बाहीला धरून म्हणाली. आरशांच्या खोलीत वर्गाला बसवलं होतं, पण ही कुठून तरी निसटून आलीच.

"कशावरून?"

"तुम्ही आमचा फोटो काढला ना! शेवटचं बटण मी दाबलं होतं. माझ्या मागं पाळणा होता आणि पाळण्यापुढं तो माणूस."

भाविकानं मोबाइल काढला. पोरगी खरं बोलत होती. खाली जाण्यापूर्वीच्या फोटोत भगत होता, पटक्यासकट, आणि गाड्या पुढच्या बाजूला, पाळण्यासमोर उभ्या होत्या. आता त्या टेबलाच्या पार पलीकडे होत्या. भाविका वळसा घालून गेली. भगताची रिकामी खुंटी बरोबर देवळाच्या पायरीसमोर येऊन थांबली होती.

ती तिथं बराच वेळ उभी राहिली. तिचं माहेर धुळ्याकडचं. लहानपणी ती स्वतः त्या गाड्यांवर बसली होती, आणि आजोबांनी सांगितलेलं तिला आठवत होतं. भगताला वाटेत सोडत नाहीत. तहान लागो, चक्कर येवो, कमरेचा दोर सुटतो तो देवळापुढेच.

म्हणजे ज्यानं भगत उचलला, त्यानं तो पाळण्यापाशी होता तसा उचलला नाही. आधी त्याला देवळापर्यंत चालवलं, मग आकडा काढला, मग दोर गुंडाळून ठेवला. ही चोरी नव्हती. चोराला एवढी रीत नसते.

तिनं परत पुढं येऊन बटणावर बोट ठेवलं, दाबलं मात्र नाही. मान वाकडी केली, टाचा उंचावल्या. बटणापाशी उभं राहिलं की मध्ये पाळणा येतो. देऊळ काही केल्या दिसत नाही.

तरीही खुंटी बरोबर पायरीसमोर थांबली होती, एक बोटही पुढे नाही की मागे नाही.

भाविकाच्या हातापायांना थोड्या मुंग्या आल्यासारखं झालं. हे एकट्याचं काम नव्हतं. एक जण बटणापाशी होता, आणि दुसरा देवळापाशी उभा राहून सांगत होता की आता थांब.

५

ती कुंदनला घेऊन केबिनमध्ये गेली. नाजमीन तिथं उखर्डूजवळ बसून होती. रुपचंद फोन शोधत होते.

"शेठ, एक विचारू? भगताला कमरेतून कधी सोडतात?"

"कोणाला? त्या मजुराला? दमला की सोडत असतील," रुपचंद म्हणाले. "हे काय विचारायची वेळ आहे?"

भाविकानं त्यांना मनातल्या मनात मोकळं केलं. या माणसाच्या हातून दुसरं काहीही होईल, हे होणार नव्हतं. कुंदन आणि उखर्डूला रीत माहीत होती, पण दोघंही खाली साऱ्या वर्गापुढे होते. मग वर राहिलं कोण? ती नाजमीनपुढे गुडघ्यावर बसली.

"बटण तू दाबून धरलं होतंस ना?"

नाजमीननं चमकून वर पाहिलं.

"कोणीतरी तुला म्हणालं, दाबून धर. मग म्हणालं, थांब. एवढंच केलंस तू. पटका तुला नंतर खाली पडलेला दिसला, तो परत द्यायचा म्हणून तू उचललास."

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी शब्द दिलाय, मॅडम. त्या म्हणाल्या, तो झोपलाय, कोणाला सांगू नको. झोपलेल्याला उठवायचं नसतं ना?"

कुंदननं आधी दाराच्या चौकटीला धरलं, आणि मग तो हॉलकडे चालू लागला. त्याच्या मागं सगळेच निघाले.

सुनंदाबाईंनी एवढी माणसं येताना पाहिली. मग त्यांना भाविकाच्या हाताला धरलेली, रडलेली नाजमीन दिसली.

"या पोरीले कोनी रडावं?" त्यांनी विचारलं.

"माय, या पोरीनी थैलीमा पटका सापडी ग्या," कुंदन म्हणाला. "शेठ तिन्हा बापले बलाई ऱ्हायनात."

म्हातारीचा पदराखालचा हात थांबला. ती ताडकन उठली. दोन वर्षांत आई एवढ्या झटक्यात उठल्याचं आपण पाहिलं नव्हतं, असं कुंदन नंतर सांगत होता. तिनं पदर बाजूला केला. मऊ धडुत्यात गुंडाळलेला भगत तिच्या हातात होता, तान्ह्या पोरासारखा, फक्त तोंड उघडं.

"हाऊ ल्या. मीच लिधा. या पोरीना काय दोष शे?"

रुपचंद एक पाऊल मागे सरकले.

"पण का, माय?" कुंदनचा आवाज फुटला. "तुन्हाच साठे करं ना मी हाई बठ्ठं."

"तुन्हं काम भारी शे, भाऊ." सुनंदाबाई लाकडाच्या कपाळावरून अंगठा फिरवत होत्या. "सकायपाईन देखी ऱ्हायनू मी. पोरं बटन दाबतस, अन् हाऊ वढस. देऊळ येस, निंघी जास. आखो वढस. तू म्हनस, पडस नई. पडस नई, खरं शे. पन पोचस बी नई."

सुनंदाबाईंनी बटणाकडे बोट केलं.

"म्हनून मी म्हनं, एकदाव देऊळपुढे थांबू दे. बटन दूर, मी आठे. हाई पोर ऊनी, तिले सांगं. तिनी दाबी धरं, मी म्हनं थांब, ती थांबनी." त्यांनी नाजमीनच्या गालावरचं पाणी आपल्या पदरानं पुसलं. "मंग सोडी लिधा त्याले. दोन वरीस व्हई ग्यात, कोनी सोडंच नव्हतं."

कुंदन खाली बसला, टेबलाच्या पायाला टेकून, आणि वडील गेल्यावर जे रडायचं राहिलं होतं ते रडला.

म्हातारीनं त्याला रडू दिलं. तिची नजर भाविकाच्या मोकळ्या गळ्यावर आली आणि तिथंच राहिली. "तुन्हा बी?"

"दिवाळीत," भाविका म्हणाली. मग जे ती सासूला, आईला, कुणालाच बोलली नव्हती, ते तोंडातून निघून गेलं. "जळगावला आणत होते. पोचलोच नाही आम्ही."

सुनंदाबाईंनी मान हलवली, जणू ही बातमी त्यांना आधीच कुणीतरी दिली होती.

६

रुपचंद माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. त्यांनी वर्गासमोर नाजमीनची माफी मागितली. चॉकलेटचा डबा पुढं केला तेव्हा तिनं एकच उचललं, आणि तेही ऋतिकानं डोळे वटारले म्हणून. कुंदननं मोटरची पिन काढून टाकली. गाड्या देवळापाशी राहू द्या, तो म्हणाला, पाहायचं त्यांनी तशाच पाहाव्यात. भगत सुनंदाबाईंबरोबर गावी जाणार होता.

बस निघाली तेव्हा उन्हं उतरली होती. पोरं आरशातल्या आपल्या जाड्या तोंडांवरून हसत होती. नाजमीन स्वतःहून भाविकाशेजारी येऊन बसली.

"मॅडम, मी शब्द मोडला का?"

"नाही. तू सांगितलंच कुठं? मीच ओळखलं."

"अब्बूंना सांगाल?"

"सांगेन. तू किती खरी आहेस ते सांगेन."

पोरीनं थोडा विचार केला आणि तिच्या दंडाला टेकून डोळे मिटले. नशिराबाद जवळ आलं. ती जागा आली, टपरी, कडुनिंब, दुभाजकातला तुटका कठडा. भाविका बघत राहिली. बस थांबली नाही, आणि थांबवायचं काही कारणही नव्हतं. आपला हात पोरीच्या पाठीवर हळूहळू थोपटतोय, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

तिनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. नाजमीननं एक डोळा उघडला, दप्तरातून बाटली काढली आणि पुढं केली. ती आणायलाच पोरगी वर गेली होती. निघताना उखर्डूनं ती भरून दिली होती.

भाविकानं तोंडाला लावली आणि दचकली.

पाणी गार होतं. ते तिला कळलं, आणि मग दीपनगर येईपर्यंत ती रडत होती.